धामणदऱ्याचे पाच प्रतिध्वनी

अप्पा गेले त्या उन्हाळ्यात त्यांचा संग्रह पुण्याला गेला. रिळांचे खोके, शर्टांच्या रिकाम्या डब्यांत लावलेली कार्डं, आणि श्रोत्यांच्या पोस्टकार्डांनी भरलेली पोती. टेम्पो निघाला तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "चला, आता घरात पाय पसरता येतील." संध्याकाळी तिने आपली खाट ओढत नेली आणि जिथे अप्पांची मांडणी होती त्या रिकाम्या भिंतीला लावली. अजूनही ती तिथेच झोपते.

माझे वडील, यशवंत कारखानीस, जळगावच्या रेडिओवर निवेदक होते. रोज संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला की त्यांचा 'विचारा तर खरं' सुरू व्हायचा. श्रोते काहीही विचारायचे. पालीची तुटलेली शेपटी वळवळते कशी, हळदीला चुना लागला की ती लाल का होते, आमच्या गावाला हे नाव कुणी दिलं. अप्पा उत्तर शोधून आणत. नाही सापडलं तर तसं सांगत आणि उलट श्रोत्यांनाच विचारत. मग पुढच्या आठवड्यात पोस्टकार्डांचा ढीग यायचा. या देवाणघेवाणीतून 'कारखानिसांचा माहितीकोश' तयार झाला. कव्हराच्या रंगामुळे स्पर्धा परीक्षा देणारी मुलं त्याला पिवळा कोश म्हणत.

संग्रह नेला होता इम्तियाज बागवान यांनी. ते पुण्याच्या श्राव्य अभिलेखागारात काम करतात. फोनवर ते नेहमी आधी आईची चौकशी करत, मग कामाचं बोलत. पावसाळा संपता संपता त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी आईचं विचारलं नाही.

"गौतमीताई," ते म्हणाले, "पिवळा कोश राखाडी होतोय."

आता घराघरांत बोलणारा सांगकाम्या आहे. तो जे बोलतो त्याला आधार काय, हे तपासायला 'उगम' नावाची यंत्रणा आहे. यंत्र नवीन असलं तरी त्यामागचं तत्त्व पुष्कळ जुनं आहे. हस्तलिखितांचे अभ्यासक दोन पोथ्या शेजारी ठेवून वाचतात. दोन्हींत एकाच जागी एकच चूक सापडली, तर एक पोथी दुसरीवरून उतरवली आहे किंवा दोन्ही एखाद्या तिसरीवरून उतरवल्या आहेत. बरोबर गोष्ट दोन माणसं आपापली लिहू शकतात, पण तीच चूक दोघांकडे यायला वारसाच लागतो. उगम हे काम जगातल्या सगळ्या छापील आणि ध्वनिमुद्रित मजकुरावर करते. एखादं विधान हजारो ठिकाणी दिसतं. शब्दांची ठेवण आणि चुका जुळवत मागे जावं, तर ती सगळी गर्दी एकाच पुस्तकातून बाहेर पडलेली असते. अशा विधानाला एकमुळी म्हणतात.

एकमुळी म्हणजे खोटं नव्हे. पण ते मूळच किडकं ठरलं, तर त्यावर वाढलेलं सगळं राखाडी होतं. राखाडी विधान सांगकाम्या उच्चारत नाही. पाठ्यपुस्तकं ते घेत नाहीत आणि सरकारी कागदावर ते चालत नाही. ते कुणी खोडत नाही, पण ते बोलणंही बंद होतं.

पिवळ्या कोशात उगमला काही नोंदी अशा सापडल्या होत्या, की ज्यांना पृथ्वीवर कुठेच आधार नव्हता. मराठीत त्या सर्वत्र पसरलेल्या होत्या आणि सगळ्या अप्पांपाशी येऊन थांबत होत्या. बागवानांच्या मते त्या निष्काळजीपणाच्या चुका नव्हत्या, कुणीतरी बसून घडवलेल्या होत्या. महिनाअखेर सगळ्या कोशाचा शेरा बदलणार होता. सातपुड्यातल्या झाडांची गावागावांतली नावं, बंद पडलेल्या बाजारांचे वार, बारा बलुतेदारांच्या हत्यारांचे शब्द, हे एकमुळी होतं ते केवळ अप्पांशिवाय दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं म्हणून. तेही सगळं त्याबरोबर गप्प होणार होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती.

"सापळे ना?" ती म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे. मग जिलबी कशाची खात होतीस?"

आमच्या घरी अधूनमधून, सण नसताना, अप्पा जिलबी आणत. दारातूनच म्हणत, मासा गळाला लागला. अप्पांना बढती मिळाली असावी अशी माझी लहानपणी समजूत होती, आणि इतक्या बढत्या मिळूनही आम्ही भाड्याच्या घरातच कसे, हेही मला कळत नसे. खरी हकिकत आईने त्या दिवशी सांगितली. गाईडं छापणारे लोक कोशातली पानंच्या पानं उचलत आणि विचारलं तर म्हणत, माहिती काय कुणाच्या बापाची असते? नकाशा काढणारे एखादी नसलेली गल्ली दाखवून ठेवतात, तशा अप्पांनी काही नोंदी स्वतः रचून कोशात घातल्या. त्यांतली एखादी कुणाच्या गाईडात छापून आली, की चोर सापडला. अप्पा कुणावर खटला करत नसत. जिलबी आणत.

कोणत्या नोंदी, हे मात्र आईला ठाऊक नव्हतं. "मी कुणाकडे तरी बोलेन म्हणून मला सांगितलं नाही. पण एक होतं. पुस्तकात थट्टा चालते म्हणायचे. वाचणाऱ्याला पान उलटून परत बघता येतं, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघता येतं. रेडिओवरचा शब्द गेला की गेला. माइकवर त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही." मग पाकळी सोलता सोलता म्हणाली, "घरात सांगायचे, ते वेगळं. 'ऑफिसात उशीर झाला' याला किती मुळं आहेत, ते विचार तुझ्या यंत्राला."

ते वाक्य घेऊन मी पुण्याला गेले. 'विचारा तर खरं'च्या शेवटी अप्पा 'चमचाभर' म्हणून कोशातली एक नोंद वाचत. पहिल्या पानापासून क्रमाने, कित्येक वर्षं. निवृत्त होईपर्यंत सगळा कोश माइकवर वाचून झाला होता. सगळा म्हणजे, आईचं म्हणणं खरं असेल तर, खोटं वगळून. बागवानांनी रिळं आणि कोश एकमेकांशी ताडायला लावले आणि आम्ही जेवून येईपर्यंत निकाल समोर होता. वीसेक नोंदी अप्पांनी कधीच वाचल्या नव्हत्या. रांगेत एक घर चुकवून पुढे जावं, तसे ते त्यांना ओलांडून गेले होते.

मी त्या वाचू लागले. एका किल्ल्यावरची दाढी असलेली तोफ. फक्त बुधवारी उघडणारी एक वेस. शेपटीला मीठ लावून पकडायचा पक्षी. अप्पा गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले, तेही अभिलेखागाराच्या वाचनकक्षात. बागवानांनी नजर खाली घातली, पण त्यांचेही खांदे हलत होते.

मार्ग सरळ होता. वारस म्हणून मी सही करायची की या नोंदी लेखकाने जाणूनबुजून रचलेले सापळे आहेत. मग उगम त्यांना सापळे म्हणून वेगळं ठेवील आणि बाकीचा कोश स्वच्छ राहील. मात्र यादी पुरी हवी. सापळा माहीत असूनही लपवला असं पुढे दिसलं, तर सहीला अर्थ उरणार नाही आणि कोश कायमचा राखाडी होईल. शिवाय, या नोंदींवर ज्यांचं काही अवलंबून होतं त्यांना आधी कळवायचं, असा नियम होता.

यादीत शेवटी ही नोंद होती: 'धामणदरे (सातपुडा पायथा). येथील बारवेत दिलेली हाक पाच वेळा परत येते.' पडद्यावर तिचं झाड भलतंच फोफावलेलं होतं. गाईडं, पाठ्यपुस्तकं, पर्यटनाच्या जाहिराती, सरकारची एक अधिसूचना. एका बाजूला काडीएवढी फांदी होती. बागवानांनी ती मोठी करून दाखवली. ती मी महाविद्यालयात शिकवताना दिलेल्या भूगोलाच्या टिपणांची होती.

कळवल्यानंतर आमच्या दारात आल्या त्या एकट्या रंजनाताई महाले, धामणदऱ्याच्या सरपंच. येताना भरताची वांगी घेऊन आल्या. आईने एक वांगं उचलून देठाकडून दाबून पाहिलं आणि त्यांना आत बोलावलं.

त्यांचं म्हणणं त्यांनी चहाच्या कपाला हात न लावता सांगितलं. गावाजवळून मालवाहतुकीचा रस्ता जाणार आहे. आखणी बरोबर बारवेवरून आहे. बारव बुजवता येत नाही, कारण ती 'श्राव्य वारसा' म्हणून संरक्षित आहे, आणि ते संरक्षण कोशातल्या त्या एका ओळीवर मिळालेलं आहे. ओळ खोटी ठरली तर संरक्षण उठेल. दुष्काळाच्या वर्षी पाच गावांना त्या बारवेने पाणी पाजलं होतं, पण पाण्याच्या विहिरी पुष्कळ असतात, त्यांना कुणी अधिसूचना काढून वाचवत नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्यांवर सही करा. एवढी एक सोडून द्या."

मी त्यांना सांगितलं ते मला स्वतःलाच कठोर वाटलं. एक सोडली तर बाकीच्यांना अर्थ नाही. मला अप्पांचा कोश वाचवायचा होता, आणि तो खरं सांगूनच वाचणार होता. आई मध्ये पडली. एका विहिरीने काय आभाळ कोसळतं, असं तिचं म्हणणं. रंजनाताईंनीच तिला थांबवलं. त्या रागावल्या नव्हत्या.

"मग सहीच्या आधी एकदा येऊन हाक तरी मारा. न ऐकता खोटी म्हणू नका."

हे मात्र अप्पांनीही मान्य केलं असतं. पुढच्या रविवारी मी आईला घेऊन धामणदऱ्याला गेले. गाव एका लांबट दरीच्या तोंडाशी आहे आणि समोर काळ्या कातळाचा उभा कडा. बारव गावाबाहेर, चिंचांच्या सावलीत होती. चांगली खोल, बांधीव, पायऱ्या झाडलेल्या. खाली स्वच्छ पाणी दिसत होतं. वर्षातून एकदा सगळं गाव मिळून ती धुतं, आणि नेमका तोच दिवस होता. बायका पायऱ्या घासत होत्या, पुरुष कठड्याला चुना लावत होते.

रंजनाताईंनी आम्हाला कठड्याशी उभं केलं. मी काय हाक मारावी याचा विचार करू लागले, तर त्या म्हणाल्या, "शालिनी म्हणा. इथे तीच हाक मारतात."

"का?" आईने विचारलं.

"रीत आहे. पहिल्यापासून."

माझ्या आईचं नाव शालिनी आहे. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.  मी दरीकडे तोंड करून, बारवेवर वाकून, आयुष्यात प्रथमच आईला नावाने हाक मारली. ती खालून आली, भरदार. मग कड्यावरून आली, थोडी पातळ. मग पुन्हा खालून, जणू आपल्याशीच बोलल्यासारखी. त्यानंतर चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

"पाच," कठड्याजवळचे एक आजोबा बोटं मिटत म्हणाले. "पाच," बाकीचे म्हणाले. माझ्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

पायरीवर बसून रंजनाताईंनी जुनी गोष्ट सांगितली. कोश छापला गेला तेव्हा बारव गाळाने आणि कचऱ्याने अर्धी भरलेली होती. कोश वाचून लोक लांबून हाक मारायला येऊ लागले. हाक एकदासुद्धा धड परत येईना. गावाला लाज वाटली. पुस्तक चुकलं असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांच्या सासऱ्यांनी पंचायतीत सांगितलं, छापलेले पाच आहेत आणि आपल्याकडे एक नाही, म्हणजे खोट आपल्या बारवेत आहे. दोन उन्हाळे गाव गाळ उपसत होतं.

भूगोल शिकवणारीला पुढचं समजायला वेळ लागला नाही. चिखल आवाज पिऊन टाकतो. कठीण दगड आणि स्थिर पाणी तो परत फेकतात. तळ मोकळा झाला तेव्हा हाकेला खाली आपटायला जागा मिळाली, वर आलेला आवाज समोरच्या कड्याला लागून पुन्हा बारवेत उतरू लागला. अप्पांनी घरी बसून रचलेली थाप या माणसांनी पाट्या वाहून जवळजवळ खरी केली होती.

दुपारच्या जेवणानंतर पंचायतीच्या खोलीत सगळे जमले. दर वर्षी धुण्याच्या दिवशी तिथे एक जुनी कॅसेट लावतात. गाळ काढल्याची बातमी ऐकून कोश लिहिणारे साहेब स्वतः ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन आले होते. ते ध्वनिमुद्रण शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात लागलं, तेव्हा कुणीतरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलं होतं. पुण्याला गेलेली रिळं फक्त अप्पांच्या स्वतःच्या कार्यक्रमाची होती. हे त्यांत नव्हतं.

खरखरीतून अप्पा बोलू लागले. त्यांचे सगळे आवाज मी ऐकून संपवले आहेत असं मला वाटत होतं. हा राहून गेला होता. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. अप्पा गाळाविषयी, उपसणाऱ्यांविषयी बोलले, मग म्हणाले, आता आपण हाक मारून पाहू. क्षणभर थांबले, आणि त्यांनी हाक मारली.

"शालिनी."

तीनदा ती परत आली. सगळी खोली, चार वर्षांच्या मुलांपासून, ओठांनी तिच्याबरोबर म्हणत होती.

"गावभर माझं नाव ओरडून आले," आई हळूच म्हणाली, "आणि घरी येऊन एका शब्दाने बोलले नाहीत."

रंजनाताईंचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. "इथे आम्ही बंद करतो," त्या मला म्हणाल्या. "दर वर्षी इथेच." आजोबा म्हणाले, कर ना मग बंद. रंजनाताईंनी बंद केलं नाही. त्यांच्या लेखी आता गमावण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

"मंडळी," अप्पा म्हणाले, "माझ्या कोशात इथे पाच प्रतिध्वनी लिहिले आहेत. मी आत्ता मोजले, ते तीन भरले. हे तीन धामणदऱ्याच्या लोकांनी गाळ उपसून मिळवलेले आहेत. उरलेले दोन माझ्या पदरचे. पुढच्या आवृत्तीत ते काढून टाकीन."

पुढची आवृत्ती निघाली नाही. प्रकाशकच राहिला नव्हता. कॅसेटवर नंतर 'विचारा तर खरं'ची सुरुवातीची धून लागली, अप्पांनी त्या दिवसाचा पहिला प्रश्न वाचायला घेतला आणि पट्टी संपली.

 ज्या वाक्याने बारव बुडेल म्हणून गाव इतकी वर्षं बटण दाबत आलं होतं, ते रंजनाताईंनी आज वारसासमोर वाजवलं होतं. मी त्यांना विचारलं, ही कॅसेट पुण्याला नेऊ का? त्या म्हणाल्या, न्या, आता काय. मी त्यांना समजावून सांगितलं की ही ओळ त्यांच्या विरुद्ध नाही. पाच हे एकमुळी आणि खोटं होतं. तीनला दोन मुळं होती: माझ्या वडिलांचं माइकवरचं मोजणं, आणि बारव स्वतः, जी आजही उभी आहे आणि कुणीही जाऊन मोजू शकतं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग आजोबांना म्हणाल्या, "ऐकलं का? तीन पुरतात."

बागवानांना कॅसेट खरी असल्याची खात्री हवी होती. ती तिच्या शेवटच्या तुकड्याने मिळाली. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या ध्वनिमुद्रणात विजेची बारीक गुणगुण उतरते. ती कधी किंचित चढते, कधी उतरते, आणि एका जाळ्यावर एका क्षणी सगळीकडे सारखीच चढते-उतरते. त्या संध्याकाळचा 'विचारा तर खरं' थेट प्रक्षेपित झाला होता आणि त्याचं रीळ संग्रहात होतं. दोन्हींतली गुणगुण ताडली, ती तंतोतंत जुळली, आणि कॅसेटमध्ये मागे अप्पांच्या हाकेपर्यंत कुठेही न तुटता गेलेली होती. मग अभिलेखागाराची माणसं जाऊन बारवेवर मोजून आली. तीन.

मी सही केली. सापळे आता संग्रहात सापळे म्हणूनच आहेत, आणि बागवान म्हणतात की लोक सगळ्यात जास्त तेच उघडून वाचतात. कोश स्वच्छ आहे. परवा शेजाऱ्यांच्या सांगकाम्याने पळसाची तीन गावांतली तीन नावं सांगितली, ती मी भिंतीपलीकडून ऐकली. धामणदऱ्याच्या नोंदीपाशी उगमने बागवानांना दोनदा खुलासा विचारला. चूक आणि तिची दुरुस्ती एकाच मुळातून आलेली त्या यंत्रणेने फारशी पाहिलेली नव्हती. आता तिथे लिहिलेलं आहे: 'पाच: य. कारखानीस. तीन: य. कारखानीस.' संरक्षण टिकलं आहे आणि रस्त्याची आखणी चिंचांच्या पलीकडून गेली आहे. गावाने बारवेवरची पाटी नव्याने रंगवली, तिचा फोटो रंजनाताईंनी पाठवला. 'येथे हाक तीन वेळा परत येते, आणि दोन वेळा कारखानीस साहेबांची.'

सही करून मी जळगावला परतले तेव्हा दार उघडंच होतं. टेबलावर तेलाने पारदर्शक झालेला कागदी पुडा होता आणि आई दोन बशा मांडत होती. तिने दुकानापर्यंत चालत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तो विषय काढला नाही. हात धुऊन बसले आणि जिलबी गरम आहे का पाहिली. होती.

"आज कोण सापडलं?" मी विचारलं.

"तुझे अप्पा," आई म्हणाली, आणि तिने पुडा माझ्याकडे सरकवला.